वेळासची कासवी

मंडळी, संतांनी कासवीचा दृष्टांत दिला. ती नुसत्या नजरेनं पिलं पोसते! आता आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. तिथली कासवी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा बघायला येत नाही हो! मग पोसतं कोण? वाळूची ऊब. नर की मादी, तेसुद्धा हीच ऊब ठरवते. जास्त मिळाली तर माद्या. पूर्वी ही अंडी कोल्हे नेत, माणसंही नेत. २००२ मध्ये वेळासकरांनी सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीनं ती कुंपणात जपायला सुरुवात केली. पन्नासेक दिवसांनी पिलं वर येतात नि उजेडाकडे धावतात. तेव्हा बॅटरी मारू नका, बाबांनो. समुद्राची वाट चुकतात ती.