ओढ्याकाठचा उंबर आणि पाण्यातली अळी

येडशीजवळच्या रामलिंगला पावसाळ्यात आपण धबधबा पाहायला जातो. १९९७ पासून हा परिसर अभयारण्य आहे, म्हणून ओढ्याकाठची झाडी टिकून आहे. मी तिथं गेलो की पाण्यातला एखादा दगड उलटून पाहतो आणि पुन्हा तसाच ठेवतो. दगडाला बारीक बारीक किडे चिकटलेले असतात. आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल आणि त्यांना पोसणाऱ्या झाडांबद्दल.

उंबराचं, करंजाचं पान पाण्यात पडलं की आपण म्हणतो, कचरा झाला. पण ते पान भिजतं, त्यावर बुरशी चढते आणि मग ते किड्यांचं जेवण होतं. भाकरीला लोणी लावावं तशी ती बुरशी! काही अळ्या पानांचे तुकडे, नाहीतर वाळूचे कण, तोंडातून निघणाऱ्या रेशमानं जोडून अंगाभोवती घर बांधतात आणि ते घर ओढतच चालतात. सावलीही हवीच. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. नाजूक किडे आधी मरतात.

चतुराची सडपातळ बहीण म्हणजे टाचणी. ती लव्हाळ्याच्या, पाणकणसाच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालते. पिल्लं पाण्यात वाढतात, खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडतात. वाढ पुरी झाली की पिल्लू देठ धरून वर चढतं, पाठ उकलते आणि पंखवाली टाचणी बाहेर येते. रिकामी कात देठालाच राहते. मुलांना ती शोधायला सांगा, तासभर हलणार नाहीत.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार योजना आली आणि नाला खोलीकरणाला जोर चढला. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात पाणी अडवायलाच हवं. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला किड्यांचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण जेसीबीनं दोन्ही काठ तासले की पाणी साठतं, देठ मात्र उरत नाही. अशा उघड्या पाण्यात थव्यानं उडणारा पिवळसर चतुर अंडी घालतो, त्याला देठ लागत नाही. डासही घालतात. टाचणी कुठं घालणार?

यात फार खर्च नाही. मशीन एकाच काठावरून चालवावं, समोरचे उंबर-करंज राखावेत. तासलेल्या काठावर मृगात करंजाच्या बिया टोचाव्यात. लव्हाळं आपोआप येतं. पहिली दोन वर्षं त्यात जनावरं तेवढी सोडू नयेत.