घरगुती ग्रामोफोन व त्याचा पूर्ववर्धक



ज्यांच्या घरीं जुन्या ध्वनिमुद्रिकांची एकादी पेटी माळ्यावर पडून आहे, किंवा ज्यांनीं अलीकडे हौसेनें नवें टर्नटेबल विकत आणलें आहे, त्यांना उद्देशून मी आज चार शब्द बोलणार आहें. टर्नटेबल, अँप्लिफायर व लाउडस्पीकर यांविषयीं दुकानदार पुष्कळ सांगतो. परंतु या मंडळींच्या मध्यें बसणारी जी एक लहानशी पेटी, तिचा विषय तो बहुधा एका वाक्यांत आटोपतो. इंग्रजींत तिला फोनो प्रीअँप्लिफायर म्हणतात. मी तिला पूर्ववर्धक म्हणेन. शब्द थोडा बोजड आहे खरा, परंतु तो वारंवार उच्चारावयाचा असल्यामुळें आपला असलेला बरा.

या पेटीकडे कामें दोन. पहिलें वाढविण्याचें. तबकडीच्या खांचेंतून जातांना सुई थरथरते, तिच्या दांडीवर बसविलेलें इवलेंसें लोहचुंबक वेटोळ्यांजवळ हालतें आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ही वीज किती म्हणाल, तर एका व्होल्टाचे हजार भाग केल्यास त्यांतले तीन ते पांच. कॉम्पॅक्ट डिस्कचें यंत्र दोन व्होल्टपर्यंत वीज देतें. तेव्हां सुईकडून आलेला हा क्षीण प्रवाह निदान शंभरपट केल्यावांचून नेहमींच्या अँप्लिफायरला तो ऐकूंच जात नाहीं.

दुसरें काम तोल सांवरण्याचें, आणि खरें कौशल्य त्यांत आहे. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले, तर खांच इतकी डावी-उजवीकडे झुकेल कीं शेजारच्या खांचेवर ती जाऊन आदळेल. उलट तारस्वरांचें कोरीव काम इतकें बारीक कीं तबकडीच्या पृष्ठभागाच्या खसखशींत तें बुडून जावें. म्हणून कोरतांनाच खर्ज दाबावयाचा आणि तार उचलावयाचा, असा प्रघात पडला. अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघानें १९५४ सालीं याचें एक ठराविक प्रमाण लावून दिलें. त्या संघाच्या आद्याक्षरांवरून तें ‘आर.आय.ए.ए.’ या नांवानें ओळखलें जातें. या प्रमाणानुसार, सेकंदास १००० कंपनांचा स्वर मध्यावर धरला, तर २० कंपनांचा स्वर सुमारें नवमांश करून कोरतात व २०,००० कंपनांचा जवळजवळ दसपट करून. वाजवितांना पूर्ववर्धकानें याच्या नेमकें उलट करावयाचें असतें. तें ज्या पेटीस बिनचूक साधतें ती चांगली पेटी. बाकीचा डामडौल, म्हणजे सोनेरी खुंट्या, निळे दिवे, जाड ॲल्युमिनमचें कवच, हा दागिन्यांचा भाग आहे. दागिन्यांविरुद्ध माझी तक्रार नाहीं, पण त्यांची किंमत स्वरांच्या खात्यावर मांडूं नये.

येथें एक सूचना आधींच देऊन ठेवतों. पुष्कळ नव्या टर्नटेबलांच्या पोटांत पूर्ववर्धक बसविलेलाच असतो आणि पाठीमागें ‘फोनो’ व ‘लाइन’ अशी एक कळ असते. कळ ‘लाइन’वर ठेवून वर बाहेरचाही पूर्ववर्धक जोडला, तर हा संस्कार दोनदां घडतो, खर्ज घुमघुमूं लागतो, स्वर फाटतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या गवयाच्या पदरीं पडतो. दोहोंपैकीं एकच ठेवावा. घरांत कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळाआधींचा अँप्लिफायर असेल, तर त्याच्या पाठीशीं ‘फोनो’ नांवाचें भोंक आहे कीं काय, तेंही पाहावें. असल्यास तूर्त खर्च करण्याचें कारण नाहीं.

आतां तुलनेकडे वळूं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला या गोष्टींचा नाद आहे. त्याच्या कृपेनें मला तीन निरनिराळे पूर्ववर्धक महिनाभर घरीं ठेवून ऐकावयास मिळाले. पहिला अगदीं साधा, काड्यापेटीहून थोडा मोठा, केवळ चुंबकी कार्ट्रिजसाठीं केलेला. दुसरा त्याच्या चौपट किंमतीचा. त्यास वाढीचें प्रमाण व कार्ट्रिजवरील भार बदलण्याच्या कळा होत्या. तिसरा व्हॉल्व्हचा, संध्याकाळीं दिवे मालवून पाहत बसावें असा.

शाळेंत प्रयोग शिकवितांना मी मुलांस सांगत असें कीं एका वेळीं एकच गोष्ट बदला. तोच नियम येथें लावला. तबकडी तीच, सुई तीच, तारा त्याच. याहूनही महत्त्वाची अट अशी कीं तिन्ही पेट्यांचा आवाज सारखा करून मगच ऐकावयाचें. माणसाच्या कानाला किंचित मोठें तें अधिक गोड वाटतें; दुकानांत महाग पेटी श्रेष्ठ वाटते याचें पुष्कळदां एवढेंच कारण असतें. १००० कंपनांचा स्थिर स्वर असलेली परीक्षेची तबकडी लावून, लाउडस्पीकरच्या टोकांशीं मीटरनें व्होल्टता मोजून मीं तो समान करून घेतला. पेट्या बदलण्याचें काम नातवाकडे दिलें आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलों.

निकाल असा. लाँगप्ले तबकडीवर पहिली व दुसरी पेटी मला गाण्याच्या भरांत एकीपासून दुसरी ओळखतां आली नाहीं. फरक कळला तो गाणें थांबल्यावर. आलापांतील दोन वाक्यांमध्यें जेथें केवळ तंबोरा उरतो, तेथें पहिल्या पेटींत तंबोऱ्याच्या पाठीशीं एक बारीक गुणगुण होती. दुसरींत ती नव्हती. रात्रीं आवाज कमी ठेवून ऐकणारास हा फरक जाणवणार नाहीं. व्हॉल्व्हच्या पेटीचा स्वर सुखद होता, परंतु तिची स्वतःची खसखस अधिक, आणि टेबलास बोट लागलें कीं ती टिणकन् वाजे. व्हॉल्व्ह म्हणजे जात्याच माधुर्य, या समजुतीस माझ्या भिंतीकडे तोंड करून केलेल्या परीक्षेंत फारसा आधार मिळाला नाहीं.

मग दुसऱ्या पेटीची चौपट किंमत कशाकरितां द्यावयाची? याचें उत्तर आपल्या कार्ट्रिजवर अवलंबून आहे. चुंबक हालणारे कार्ट्रिज असेल तर शंभरपट वाढ आणि ४७,००० ओहमचा भार पुरतो. मात्र तारेची व पेटीची मिळून विद्युत्धारकताही कार्ट्रिजला मानवेल इतकीच असावी. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या साध्या कार्ट्रिजला ती १०० ते २०० पिकोफॅरड चालते. फार झाली तर वरच्या सप्तकांतला तोल बिघडतो. म्हणून तारा उगाच लांब घेऊं नयेत. परंतु वेटोळें हालणारे कार्ट्रिज असेल, तर हिशेब निराळा. जपानच्या नभोवाणीच्या सहकार्यानें १९६० नंतरच्या दशकांत तयार झालेलें डेनॉनचें डीएल-१०३ घ्या. त्याची वीज मिलिव्होल्टाचा अवघा तीन-दशांश भाग; तिला हजारपट वाढ पाहिजे. असें कार्ट्रिज साध्या पेटीस जोडलें तर आवाज विहिरीच्या तळांतून आल्यासारखा येतो. उलट चुंबकी कार्ट्रिज हजारपटीच्या कळेवर ठेवलें, तर मोठ्या तानेंत स्वर चिरकतो. ज्याला वेटोळ्याचें कार्ट्रिज कधींच घ्यावयाचें नाहीं त्यानें त्या कळेचे पैसे देऊं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे.

गुणगुणीविषयीं थोडें. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० फेरे घेते, आणि ज्या संस्कारानें खर्ज सांवरला जातो तोच संस्कार या ५० फेऱ्यांच्या गुणगुणीसही १००० कंपनांच्या मानानें सुमारें सातपट उचलतो. तेव्हां टर्नटेबलाची भूमितार पेटीच्या स्क्रूखालीं घट्ट आवळावी, आणि पेटी अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर ठेवावी. गुणगुण जावी म्हणून भिंतींतील सॉकेटची अर्थिंग तोडणारे महाभाग मीं पाहिले आहेत. तो जिवाशीं खेळ आहे.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या बाबतींत. माझ्या एका स्नेह्याच्या वडिलांनीं जमविलेल्या नाट्यगीतांच्या साठएक तबकड्या त्याजकडे आहेत. त्यानें नवें टर्नटेबल आणून त्या लावून पाहिल्या. आवाज घोंगडींत गुंडाळल्यासारखा, आणि वर खरखरीचा पाऊस. तबकड्या झिजल्या असें ठरवून त्या रद्दीवाल्यास देण्याचा दिवसही त्यानें मुक्रर केला होता. वस्तुतः झिजल्या होत्या त्यांतल्या थोड्या. एक तर लाँगप्लेची सुई सुमारें १ मिलची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची. ७८ फेऱ्यांच्या रुंद खांचेस ३ मिलची सुई लागते, नाहीं तर ती तळाच्या घाणींत लोळते. दुसरें, या तबकड्या १९५४ च्या पूर्वींच्या. त्या काळीं प्रत्येक कंपनीची कोरण्याची रीत निराळी असे, आणि पुष्कळ तबकड्यांत तार मुळींच उचललेला नसे. आजची पेटी आपल्या नियमानुसार १०,००० कंपनांचा स्वर पंचमांश करून टाकते. जें कधीं वाढविलेंच नव्हतें तें कापल्यावर घोंगडी राहील नाहीं तर काय?

आम्हीं सुई बदलली, अँप्लिफायरचा ट्रेबल चढविला आणि मोनोची कळ दाबली. तबकडी एकमार्गी असतां सुईच्या वरखालीं होण्यांतून निघणारी खरखर मोनोच्या कळेनें परस्पर वजा होते; हा लाभ फुकटचा असून बहुतेकांस ठाऊक नसतो. तीन मिनिटांच्या त्या पदांत गायकाचा श्वास ऐकूं आला, आणि पुढें ऑर्गनच्या भात्याचाही. स्नेही कांहीं बोलला नाहीं. त्यानें तबकडी उलटविली.

ज्यांचा संग्रह मोठा आहे त्यांनीं, जुन्या निरनिराळ्या रीतींच्या कळा असलेला पूर्ववर्धक मिळतो, तो पाहावा. संगणकावर उतरवून घ्यावयाचें असेल, तर संस्कार न करतां सपाट उतरवून मागाहून प्रत्येक तबकडीस योग्य तो संस्कार देतां येतो. आणि ७८ च्या तबकड्या पुसण्यास स्पिरिट मात्र कदापि घेऊं नये. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटांत विरघळते. स्वच्छ पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकें पुरे. मधला कागद भिजूं देऊं नये.