रस्त्याआधी गार पाण्याची लाइन



पूर्वी पुण्यात पाहुणा आला की संध्याकाळच्या वाऱ्याचं कौतुक आपसूक व्हायचं. मे महिन्यातही पहाटे चादर ओढावी लागे. आता हिंजवडी, खराडी, बाणेरला काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि जवळपास प्रत्येकीच्या गच्चीवर तिचे स्वतःचे कूलिंग टॉवर.

माझी उमेदीची वर्षं अशा इमारतींच्या प्लांट रूममध्ये गेली. बेसमेंटमध्ये चार चिलर, मेमधल्या सगळ्यात कडक दुपारचा हिशेब धरून बसवलेले. एरवी चालायचे दोनच, तेही अर्ध्या लोडवर. शेजारच्या इमारतीत तेच, पलीकडच्या हॉटेलात तेच. भिंतीच्या अलीकडे-पलीकडे कोट्यवधींची यंत्रं निम्मं वर्ष गप्प बसलेली पाहून जीव हळहळायचा. सामायिक गारव्यावरची अभियंत्यांची ही परिषद पुण्यातच व्हावी असा हट्ट मी धरला तो त्यामुळे.

पाणी एका ठिकाणी गार करायचं आणि इन्सुलेशन केलेल्या पाइपांतून सगळ्या इमारतींना पुरवायचं, कल्पना एवढीच. तिची खरी ताकद वेळांच्या फरकात आहे. ऑफिसला गारवा दुपारी लागतो, हॉटेलला आणि घरांना रात्री. त्यामुळे प्रत्येकाच्या कमाल मागणीची बेरीज करावी लागत नाही, त्याहून लहान प्लांट पुरतो. वीज स्वस्त असेल तेव्हा गार पाणी टाकीत साठवून महाग वेळी वापरता येतं.

गुजरातच्या गिफ्ट सिटीत 2015 पासून देशातली अशी पहिली यंत्रणा चालू आहे. पहिला टप्पा 10 हजार टन शीतकरण क्षमतेचा, पूर्ण आराखडा 1 लाख 80 हजार टनांचा. तिथे हे जमलं, कारण जमिनीखाली युटिलिटी बोगदा आधीच आखला होता आणि गार पाण्याचे पाइप इतर लाइनींसोबत त्यात गेले. आपल्याकडे आधी रस्ता, मग खोदाई, मग पुन्हा रस्ता. नव्या नगररचना योजनांत रस्ता ज्या दिवशी आखला जाईल त्याच दिवशी या लाइनीची जागा ठरली पाहिजे. या दोन दिवसांत दुसरं काही झालं नाही तरी चालेल, पण एवढी मागणी इथून शासनाकडे जावी.

टोरांटोत 2004 पासून ओंटारिओ सरोवराच्या 83 मीटर खोलीवरून साधारण 4 अंशांचं पाणी घेतात. त्याच्या गारव्यावर कार्यालयं थंड होतात आणि तेच पाणी पुढे शहराला प्यायला जातं. आपल्याला असं सरोवर लाभलेलं नाही. आपल्या कूलिंग टॉवरमधून रोज पाणी वाफ होऊन जातं, आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांच्या शेजारी टॉवरला पिण्याचं पाणी घालणं मला पटत नाही. एका मोठ्या प्लांटला प्रक्रिया केलेलं सांडपाणी देता येतं, वीस बेसमेंटना ते पोचवणं कठीण.

पैशाची बाजू अवघड आहे. प्लांट आणि पाइप आधी, गाळे भरणार नंतर. त्यावर दुपारचं सत्र आहे.

उद्या सकाळी साडेआठला बस निघेल, एका जुन्या इमारतीचा प्लांट रूम पाहायला. आत शिरल्यावर परतीच्या पाइपवरचा थर्मामीटर बघा. 6 अंशांवर गेलेलं पाणी उष्णता घेऊन 13 च्या आसपास परत यायला हवं. तिथे ते कित्येक वर्षं 9 ला यायचं, म्हणजे पंप नुसतं पाणी फिरवत होते. अशी इमारत सामायिक लाइनीला जोडली तर शेजाऱ्यांच्या वाट्याचं पाणीही वाया घालवते. व्हॉल्व्ह बदलत, कॉइल धूत आमच्या मुलांनी एका उन्हाळ्यात तो काटा 13 वर आणला. ती मुलं उद्या तिथेच असतील. काय विचारायचं ते त्यांनाच विचारा.