धूर फाटकाबाहेर थांबत नाही

(प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या आवारात केलेलं भाषण)



कमिटीने मला पाच मिनिटं दिली आहेत. मी बँकेतला माणूस, वेळ आणि हिशेब दोन्ही पाळतो. विषय आहे डिझेलचा धूर.

२०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा धूर कर्करोगकारक ठरवला. त्यातले काजळीचे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही, ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. दमेकरी, आमच्यासारखे म्हातारे आणि लहान मुलं यांना त्रास आधी होतो.

सरकार-कोर्टाने काहीच केलं नाही, असं मात्र नाही. १९९८ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या सगळ्या सिटी बस सीएनजीवर आणायला सांगितलं. मुदत उलटली, पण २००२ च्या अखेरीस तिथल्या डिझेल सिटी बस गेल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आणलं, कारण गंधक जास्त असलं की धूर साफ करणारी यंत्रणा नीट काम करत नाही. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळीची मुभा होती, ती ४.५ झाली.

पण हा नियम नव्या गाड्यांना. जुन्या गाड्या म्हणजे जुनी थकबाकी. नवी कर्जं कितीही चोख दिली तरी ती खात्यावर राहतेच. घोडबंदर रोडवरचे कंटेनर आपण थांबवू शकत नाही. आपलं फाटक मात्र आपल्या हातात आहे.

सकाळी तिथे उभे राहून बघा. स्कूल बस मुलांची वाट बघत उभी, इंजिन चालू. मागे सामानाचा टेम्पो, त्याचंही चालू. मुलं नेमकी सायलेन्सरच्या उंचीची. आणि आपला वॉचमन त्याच केबिनमध्ये बारा तास. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे मुद्दल जागच्या जागी आणि व्याज चालू!

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, गाडी उभी तर इंजिन बंद, अशी पाटी फाटकावर लावू. दोन, हे सांगायचं काम वॉचमनवर ढकलू नका. ड्रायव्हर त्याचं ऐकत नाहीत, वर त्यालाच चार शब्द ऐकवतात. पालकांनी, आम्ही ज्येष्ठांनी गोड बोलून सांगावं. आणि मुलं वेळेवर खाली उतरली तर बसला थांबावंच लागणार नाही! तीन, टँकर आणि कचऱ्याच्या गाडीच्या कंत्राटदाराकडून चालू पीयूसी घेतल्याशिवाय बिल पास करू नये. चार, आपल्या जनरेटरची चाचणी संध्याकाळी मुलं खेळताना नको, ती शाळेच्या वेळेत घ्या.

याला वर्गणी लागत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो ते मुलाबाळांना मोकळी हवा मिळावी म्हणून. आता त्यांची मुलं त्या फाटकात उभी राहतात. उद्या सकाळपासूनच सुरुवात करू. मी साडेसहाला खाली असेन, सोबतीला या.

जय हिंद, जय महाराष्ट्र.