बर्फावरील हॉकीचा वीर : बोर्ये साल्मिंग

स्वीडनच्या अगदीं उत्तरेस, किरूनाच्या लोहखाणींच्या प्रदेशांत, १९५१ सालीं बोर्ये साल्मिंग यांचा जन्म झाला. ते पांच वर्षांचे असतांना त्यांचे वडील खाणींतील अपघातांत मृत्यु पावले. पुढें येव्ले शहराच्या ब्रीनेस संघांत त्यांनीं बर्फावरील हॉकींत नांव मिळविलें आणि १९७३ मध्यें कॅनडांतील 'टोरांटो मेपल लीफ्स' या व्यावसायिक संघानें त्यांस पाचारण केलें.

युरोपीय खेळाडू कुशल खरा, पण धक्काबुक्कीस भिणारा, असा ग्रह तेव्हां उत्तर अमेरिकेंत दृढ होता. प्रतिपक्षी साल्मिंग यांस 'भित्रा स्वीडिश' म्हणून हिणवीत आणि काठीचे तडाखेही देत. त्यांचें काम बचावाचें. वेगानें येणाऱ्या रबरी चकतीपुढें ते अंग झोंकून देत. हेंच त्यांचें उत्तर होतें. १९७६ च्या कॅनडा चषकांत ते स्वीडनच्या बाजूनें टोरांटोंत उतरले, तेव्हां तेथील प्रेक्षकांनीं उभें राहून या प्रतिपक्षी खेळाडूचा जयजयकार केला!

त्या संघांत ते सोळा हंगाम खेळले. १९८६ मध्यें बुटाच्या पोलादी पात्यानें चेहरा चिरला जाऊन दोनशेंहून अधिक टांके पडले. तरी खेळ सुटला नाहीं. १९९६ मध्यें टोरांटोच्या हॉकी कीर्तिमंदिरांत स्थान मिळविणारे ते पहिले स्वीडिश खेळाडू ठरले.

२०२२ च्या नोव्हेंबरांत, स्नायूंची शक्ति हरण करणाऱ्या व्याधीनें वाचा गेली असतां, ते पुन्हां टोरांटोच्या बर्फावर आले. सारें प्रेक्षागृह उभें राहिलें. जुने सहकारी डॅरिल सिट्लर यांस अश्रु आवरेनात. त्याच महिन्याच्या २४ तारखेस साल्मिंग निवर्तले. एका सबंध समाजावरील भित्रेपणाचा आळ त्यांनीं वादविवादानें नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या खेळानें पुसून टाकला.