स्मृतिभ्रंश आणि आपले घर



या व्याख्यानमालेत राजकारण, साहित्य, अर्थशास्त्र असे सभेला शोभणारे विषय आपण दरवर्षी ऐकता. आज आम्ही निवडलेला विषय सभेतला नसून माजघरातला आहे. घरातले वडील माणूस विसरू लागले म्हणजे त्याच्याशी कसे वागावे, हा तो विषय. घरगुती आहे म्हणून तो लहान आहे, असे मात्र कोणी समजू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढील माणसांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ही म्हण दोन प्रकारांनी घात करते. वय झाले की असे व्हायचेच, असे म्हणून आपण त्या माणसाला वैद्याकडे नेत नाही, हा पहिला घात. आणि बुद्धी नाठली तेथे आता काही उरले नाही, असे समजून त्याला कोपऱ्यातल्या खाटेवर बसवून ठेवतो, हा दुसरा. वास्तविक वर सांगितलेल्या आकड्यांवरूनच म्हणीतला हिशेब चुकतो. साठी उलटलेल्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक लोकांना हा विकार नाही. म्हणजे हा वयाचा धर्म नव्हे. हा मेंदूचा रोग आहे.

मग साधा विसर कोणता आणि रोग कोणता? चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते आणि घटकाभराने आठवते, हा साधा विसर. तो आपणां सर्वांनाच आहे. परंतु जिने पन्नास वर्षे आमटी केली तिला डाळ आधी की फोडणी आधी याचा क्रम लागेनासा झाला, किंवा जन्मभर ज्या पेठेतून ये-जा केली तेथेच घराचे वळण सापडेनासे झाले, तर तेथे थांबून विचार केला पाहिजे. अशा वेळी तपासणी का करावी? कारण विसराची काही कारणे बरी होण्याजोगी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, मनाची दीर्घ खिन्नता, काही झोपेच्या गोळ्या, यांपैकी काहीही विसराचे रूप घेऊन येऊ शकते. आणि कालपर्यंत ठीक असलेले माणूस आज एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर तो बहुधा ज्वराचा, लघवीतील जंतुदोषाचा किंवा अशाच दुसऱ्या दुखण्याचा परिणाम असतो. तेथे एक दिवसही दवडू नये.

यानंतर जो खरा स्मृतिभ्रंश उरतो त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका एक्कावन्न वर्षांच्या बाईला तपासले, १९०६ साली ती वारल्यावर तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा केली आणि त्याच वर्षी आपला वृत्तान्त ट्यूबिंगेन येथील सभेत सांगितला. ती बाई साठीच्या आतली होती, हेही आपली म्हण ठाऊक असलेल्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. या रोगाला मुळापासून घालविणारे औषध अद्याप सापडलेले नाही. काही औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात. म्हणूनच औषधापेक्षा घरातील वागणुकीला येथे अधिक महत्त्व येते.

ती वागणूक कशी असावी, हे समजण्यासाठी स्मृती म्हणजे काय ते थोडे पाहू. स्मृती म्हणजे एकच मोठे कोठार, आणि ते हळूहळू रिकामे होते, अशी आपली कल्पना असते. ती खरी नाही, हे एका विलक्षण उदाहरणाने सिद्ध झाले. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. तीत हिप्पोकॅम्पस नावाच्या, समुद्रघोड्यासारखे वळण असलेल्या भागाचा मोठा अंश दोन्ही बाजूंनी काढला गेला. झटके कमी झाले, पण नवे काही लक्षात राहीना. बालपण आठवे, मात्र नुकतेच भेटून गेलेले माणूस पुन्हा आले की ते त्याला परके. पुढे ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्याचा सराव तीन दिवस दिला. आपण हे पूर्वी केले आहे हे त्याला आठवत नव्हते. पण त्याचा हात मात्र दिवसेंदिवस सुधारत गेला! मन विसरले ते हाताने लक्षात ठेवले.

अल्झायमरच्या रोगात सर्वच मेंदू क्रमाक्रमाने झिजतो, म्हणून दोन्ही स्थिती अगदी सारख्या नव्हेत. परंतु या रोगाचा पहिला आघातही बहुधा याच भागावर आणि त्याच्या शेजारावर होतो. त्यामुळे प्रथम जाते ते सकाळचे, कालचे, परवाचे. पुष्कळ दिवस टिकते ते लहानपणचे आणि हाताच्या वळणाचे. दुपारचे जेवण झाले हे ज्या आजींना आठवत नाही, त्या वाती वळतात, गहू निवडतात, आरतीचे शब्द न अडखळता म्हणतात. हे पाहून घरची माणसे म्हणतात, “बघा, हवे ते बरोबर आठवते, बाकीचे सोंग आहे!” सोंग नव्हे, मंडळी. एका खोलीतला दिवा विझला आणि दुसऱ्या खोलीतला अजून तेवतो आहे.

आम्हांला आज जे एकच सूत्र सांगायचे आहे ते येथून निघते. गेले काय याची मोजदाद आपण करतो. उरले काय याची करावी, आणि मदत तेवढ्याच मापाने द्यावी. सासऱ्यांना सदऱ्याची गुंडी लागत नाही म्हणून सून सगळा सदराच चढविते. तिचा हेतू चांगला, पण त्यांना बाहीत हात घालता येत होता, तेही थोड्या दिवसांत जाते. उलट “अंघोळ करून तयार व्हा” एवढेच सांगितले, तर त्या एका वाक्यात दहा कामे दडलेली असतात आणि ती सुचत नाहीत. म्हणून कपडे घालण्याच्या क्रमाने मांडून ठेवावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, “काय खाणार?” असे न विचारता “पोळी की भात?” असे विचारावे. गॅसजवळ एकटे सोडू नये, पण शेंगा सोलायला द्याव्यात. खिशात नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. आणि हे माप रोज सारखे नसते. आज जमले ते उद्या जमणार नाही, सकाळी जमले ते संध्याकाळी जमणार नाही. त्याला हट्ट म्हणू नये.

दुसरी गोष्ट भावनेची. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखाचे व काही आनंदाचे चित्रपट-प्रसंग दाखविले. थोड्याच वेळात रुग्ण ते प्रसंग बहुतांशी विसरले. पण त्यांनी उमटविलेले दुःख आणि आनंद मागे रेंगाळत राहिले. याचा अर्थ गृहस्थांनी नीट ध्यानात घ्यावा. आपण रागावलो हे बाबा विसरतील. अपमान झाल्याची वेदना, कारण ठाऊक नसताना, त्यांच्यापाशी राहील. आपण घटकाभर हात धरून बसलो हेही ते विसरतील. बरे वाटणे राहील.

म्हणून “मला ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?” अशी परीक्षा पाहुण्यांनी घेऊ नये. “आजी, मी तुमच्या सुमनचा मुलगा, नमस्कार करतो,” असे आपणच सांगावे. दिवेलागणीला आई स्वतःच्याच घरात “मला घरी जायचं” म्हणते, तेव्हा “हेच तुझं घर” असा वाद घालून ती जिंकत नाही आणि आपणही जिंकत नाही. तिला हवे असते ते बहुधा चार भिंतींचे घर नव्हे, तर माहेरची निर्धास्ती. “तुमच्या घरी परसात काय काय होतं गं?” असे विचारून पाहावे, पुष्कळदा पाऊल उंबऱ्याशीच थांबते.

व्यवहाराची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माणसाला समज आहे तोवरच त्याच्या इच्छेने मृत्युपत्र आणि बँकेची कामे पुरी करावीत. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे भागले, असे पुष्कळांना वाटते. परंतु आपल्या कराराच्या कायद्याप्रमाणे देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की साधे मुखत्यारपत्र संपुष्टात येते.

शेवटी, जे माणूस हे सर्व करते त्याविषयी. बहुधा ती सून असते, पत्नी असते किंवा लेक असते, आणि तिला रात्रीची झोप नसते. तिच्या थकव्याला आपण कर्तव्य हे नाव देऊन मोकळे होतो. भाऊ, दीर, शेजारी, ज्यांना शक्य असेल त्यांनी आठवड्यातून दोन दुपारी येऊन बसावे. सल्ला देण्यासाठी नव्हे, तिला बाहेर पडता यावे म्हणून. आपल्या देशात या रोग्यांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी १९९२ पासून एक संस्था काम करीत आहे. परंतु कोणतीही संस्था प्रत्येक वाड्याच्या पायरीपर्यंत पोहोचणार नाही. तेथे शेजारच पोहोचतो.

ज्यांनी आपल्याला बोट धरून चालविले, पहिला घास भरविला, त्यांना त्यातले काही आठवत नसेल. पण आपल्याला आठवते, आणि घरात ते कोणाला तरी आठवत असले म्हणजे पुरते.