कोमो, लुगानो आणि बोरधरण



मला परदेशातल्या सहलीबद्दल बोलायला सांगितलं आहे. कंपनीच्या कामानं मिलानला गेले होते, रविवार मोकळा होता. गाइडसोबतची एका दिवसाची सहल घेतली: इटलीतलं कोमो, तिथून बोटीनं बेलाजिओ, परत कोमो, मग बसनं सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधलं लुगानो. कोमो हे व्होल्टाचं गाव, जन्म १७४५ चा. तळ्याकाठी त्याचं स्मारक आहे. त्याच्या नावाच्या व्होल्टनं इंजिनिअरिंगला फार छळलं, तरी नमस्कार केला.

लुगानोला निघताना गाइडनं पासपोर्ट तपासले. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, नाक्यावर रोज कोणी अडवत नाही. पण पासपोर्ट जवळ हवाच. एका बाईंचा हॉटेलवर राहिला होता. त्या उतरल्या. बस हलली, आम्ही हात हलवले.

आणि मला आठवी ‘ब’ची बोरधरणची सहल आठवली. एसटी निघाली तेव्हा आपल्या वर्गातली एक मुलगी फाटकाशी उभी होती. तिचे सहलीचे पैसे भरले गेले नव्हते. मी खिडकीतून असाच हात हलवला होता. वर सोमवारी डबा खाताना तिला धरणाचं वर्णन ऐकवलं. तिनं सगळं ऐकलं, प्रश्नसुद्धा विचारले.

लुगानोत इटालियन बोलतात, पैसे फ्रँकमध्ये. बाकी माझं लक्ष नव्हतं.

तिला विचारूनच हे सांगतेय. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. बोरधरण तिनं अजून पाहिलेलं नाही. उद्या सकाळी सातला आम्ही निघतोय. गाडीत आणखी दोन जागा आहेत. खिडकी मात्र तिची.